शाळेचा मेंबर पुन्हा निवडताना

(शाळेच्या पालकसभेआधीच्या आठवड्यात गावच्या चावडीपुढे एका शाळामास्तरांनी केलेले भाषण)



येत्या सोमवारी आपल्या शाळेच्या व्यवस्थापन समितीची नवी निवड व्हावयाची आहे. दोन वर्षांची मुदत भरली. आजवरचे अध्यक्ष पुन्हा उभे राहात आहेत आणि त्यांच्यासमोर आणखी दोन नावे गावात फिरत आहेत. गेले आठ दिवस पारावर, गिरणीवर आणि पाणवठ्यावर दुसरी गोष्ट नाही. एकजण म्हणतो, "आपल्या भावकीतला माणूस पाहिजे." दुसरा म्हणतो, "सुताराने वाकस चालवावा, शाळा कशाला चालवावी?" तिसरा म्हणतो, "शाळेच्या मेंबरकीत ठेवले आहे काय? ना मानधन, ना मान." या तिघांना काही उत्तर द्यावे म्हणून मंडळींनी मला आज उभे केले आहे.

मी पडलो सरकारी नोकर. अमक्याला निवडा, तमक्याला पाडा, असे सांगणे माझे काम नव्हे, आणि ते मी सांगणारही नाही. पण मुख्याध्यापक या नात्याने मी समितीचा सचिव आहे व समितीची वही माझ्या हातची आहे. त्या वहीत काय लिहिले आहे ते गावाला समजलेच पाहिजे. मत कोणाला द्यायचे ते तुम्ही ठरवा. माणूस कसा पारखावा एवढेच मी बोलणार.

प्रथम तिसऱ्या गृहस्थाला उत्तर देतो, कारण तोच प्रश्न मुळाचा आहे. शाळेच्या मेंबरकीत ठेवले आहे काय? मंडळी, तीत तुमच्या बापजाद्यांचा घाम ठेवला आहे. १८६३ सालापासून मुंबई इलाख्यात जमीनसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड म्हणून घेऊ लागले. त्या आण्याचा तिसरा हिस्सा शाळांसाठी होता. तो आणा कोणाच्या घरून जात होता? नांगर धरणाऱ्याच्या. आणि त्या पैशावर शिकत कोण होते? ज्याने कधी ढेकूळ फोडले नाही, त्याची पोरे! जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे जे निवेदन दिले, त्यातला मुख्य सवाल हाच होता. सरकारी तिजोरी भरते रयतेच्या कष्टाने आणि शिक्षणावरचा पैसा जातो वरच्या वर्गाच्या वरच्या शाळांकडे, हा न्याय कोठला? त्यांनी तेव्हाच मागणी केली की निदान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा.

ती मागणी पुरी व्हायला किती काळ लागला ते ऐका. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो साऱ्या संस्थानाला लागू केला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले आणि पोर शाळेत न घालणाऱ्या बापाला दरमहा एक रुपया दंड ठरवला. इंग्रजी मुलखात मात्र गोखल्यांचे बिल १९११ साली पुढे आले आणि बारगळले. साऱ्या देशातल्या सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. जोतीरावांच्या निवेदनापासून मोजा: एकशे अठ्ठावीस वर्षे. चार पिढ्या निरक्षरतेत मातीला गेल्या, तेव्हा हा हक्क आपल्या दारी आला. आणि त्याच कायद्याने ही समिती आली. तीत चार आणे सोडून बारा आणे जागा पालकांच्या, निम्म्या जागा बायांच्या, आणि मागे पडलेल्या घरांना त्यांच्या संख्येच्या मानाने वाटा. शाळेच्या कामावर देखरेख करावी, शाळेचा विकास आराखडा करावा, सरकारातून आलेल्या पैशाचा हिशेब पाहावा, असा अधिकार कायद्याने कुणब्याच्या आणि कुंभाराच्या हाती दिला. तेव्हा "मेंबरकीत काय ठेवले आहे" असे म्हणणाऱ्याने हात जरा जपून झटकावेत.

आता दुसरा आक्षेप. सुताराने शाळा कशाला चालवावी? हे बोलणारा कोणी शास्त्री-पंडित असता तर मला नवल वाटले नसते. पण बोलणारा आपल्यातलाच आहे, आणि तो जोतीरावांच्या तसबिरीला दरवर्षी हारही घालतो! जोतीरावांची गोष्ट त्याने ऐकलेली दिसत नाही. १८२७ साली माळ्याच्या घरात ते जन्मले. शाळा मध्येच सुटली, ती १८४१ साली पुन्हा धरली. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा घातली. पुढे बांधकामाचे मक्ते घेऊन पोट भरीत होते. हा माळी, हा मक्तेदार १८७६ ते १८८२ पर्यंत पुणे म्युनिसिपालिटीचा सभासद होता. १८८० साली व्हाइसरॉय लिटन साहेब पुण्यास येणार होते. त्यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चावेत असे निघाले. बत्तीस सभासदांत एकट्या जोतीरावांनी विरोध केला, आणि हा पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे लावा असे सांगितले. बाकीचे एकतीस काही अडाणी नव्हते. मोठमोठ्या पदव्यांचे, मोठमोठ्या वाड्यांचे होते. पण गरिबाच्या पोराची आठवण त्या दिवशी एकट्या माळ्याला झाली.

त्याच १८८२ च्या निवेदनात जोतीरावांनी शिक्षक कसा असावा तेही सांगितले आहे. तो शेतकऱ्याच्या वर्गातून आलेला असावा, आणि वेळ पडली तर नांगराचे रुमणे किंवा सुताराचा वाकस हाती धरायला त्याला लाज वाटू नये, असा त्यांचा आशय होता. म्हणजे मास्तराला वाकस धरता आला पाहिजे असे जोतीराव सांगतात, आणि वाकस धरणाराने शाळेच्या वाऱ्यालाही उभे राहू नये असे आपण सांगतो! भटशाहीला शिव्या देत देत तिचाच पाट आपण आपल्या घरात मांडला, याला काय म्हणावे?

आता पहिल्याला उत्तर. "आपल्या भावकीतला पाहिजे." मंडळी, हा प्रयोग एकदा मोठ्या प्रमाणावर होऊन गेलेला आहे. १९१९ च्या सुधारणांनंतर शिक्षणखाते लोकांच्या मंत्र्यांकडे आले. कौन्सिलचे मत तेव्हा खेड्यात बत्तीस रुपये सारा भरणाराला असे, रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात सोळा. मराठा आणि तत्सम जातींसाठी सात जागा राखीव झाल्या. पुढे १९२३ च्या प्राथमिक शिक्षणाच्या कायद्याने शाळांचा कारभार जिल्हा लोकल बोर्डांच्या स्कूल बोर्डांकडे दिला. ब्राह्मणेतर पक्षाची माणसे जिद्दीने निवडणुका लढली आणि बोर्डांवर गेली. ते गेले हे चांगलेच झाले. त्यांच्यामुळे कित्येक गावांना शाळेचे तोंड दिसले आणि कित्येक कुणब्यांची, माळ्यांची, धनगरांची पोरे मास्तर झाली. आज मी तुमच्यासमोर उभा आहे तो त्याच पेरणीचे पीक आहे.

पण पिकाबरोबर तणही वाढले, ते लपवून चालणार नाही. मास्तरांच्या नेमणुका आणि बदल्या ही बोर्डाच्या मेंबरांच्या हातची छडी झाली. निवडणुकीत राबला त्या मास्तराला घराजवळची शाळा, आणि न राबला त्याला डोंगरापलीकडची! बोलबाला इतका झाला की १९३८ साली कायदा दुरुस्त करून सरकारला बोर्डांच्या कारभारावर आपला ताबा वाढवावा लागला. पुढे १९४७ चा कायदा आला, १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या आणि जिल्ह्याची स्कूल बोर्डे इतिहासजमा झाली. यातून शिकायचे ते एवढेच की मेंबर आपल्या जातीचा आहे म्हणून तो आपल्या पोराचा कैवारी असेलच असे नाही. कुंपण आपल्याच बांधावरच्या बाभळीचे असले तरी ते शेत खाणार नाही याची हमी कोण देणार?

मग माणूस पारखावा कसा? तुम्ही बाजारात बैल घ्यायला जाता. दुसा की चौसा ते पाहता, खूर पाहता, खांदा चाचपता, चार पावले चालवता. नवा बैल असाच घ्यावा लागतो. पण जो बैल दोन वर्षे तुमच्याच रानात औताला होता, त्याचे दात कोणी मोजत बसतो काय? त्याने ओढलेले तास बांधावर उभे राहून पाहिले की झाले. नव्या उमेदवाराची माहिती काढा, आणि पुन्हा उभा राहणाऱ्याचे काम पाहा.

तेव्हा आजच्या अध्यक्षांचे काम मी वहीतून सांगतो. चांगले तेही सांगतो, वाईट तेही.

गृहस्थ सुतारकामावर पोट भरणारे, सातवीपर्यंत शिकलेले. महिन्याच्या बैठकीस ते क्वचितच चुकले. चुकले तेव्हा दुसऱ्या गावी दरवाजे बसवायच्या कामावर होते, आणि तसा निरोप आधी आला होता. प्रत्येक बैठकीत मागच्या बैठकीचे इतिवृत्त मोठ्याने वाचून घेतल्याखेरीज त्यांनी नव्या कागदावर सही केली नाही. याचा मला कधीकधी त्रास झाला, हेही सांगून टाकतो. घाईच्या कामात दोनदोन तास वाचन! पण ज्या सहीला वाचून घेण्याची सवय असते, त्या सहीखाली खोटा कागद जात नाही.

दुसरी गोष्ट पोषण आहाराची. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळेत शिजवलेले अन्न द्या असा हुकूम केला, तेव्हापासून या ताटाची वाट सुरू झाली. पाचवीपर्यंतच्या मुलामागे दररोज शंभर ग्रॅम धान्याचे माप आहे. हिशेब करा. पन्नास पोरांना रोज पाच किलो, आणि शाळेचे दोनशे दिवस धरले तर वर्षाला दहा क्विंटल. दर ताटामागे नुसते दहा ग्रॅम कमी पडले तर वर्षात एक क्विंटल तांदूळ कोणाच्या तरी घरी गेला! मी पूर्वी एका गावी होतो, त्याचे नाव घेत नाही. तिथल्या समितीतल्या एका बड्या असामीने कमी उतरलेला माल वहीत पुरा लिहा म्हणून मला सांगितले. मी लिहिला नाही, तर एका वर्षात माझ्यावर तीन अर्ज पडले. शेवटी एका धनगराच्या बाईने घरचा काटा आणून भर पालकसभेत पोते मोजले. पन्नास किलोचे पोते चव्वेचाळीस भरले, आणि अर्ज करणारांची तोंडे बंद झाली. आपल्या अध्यक्षांनी इथे पहिल्याच महिन्यात काटा मागितला आणि माल उतरेल त्या दिवशी दोन आयांसमोर मोजायचा असा ठराव केला. तो आजतागायत पाळला गेला आहे.

तिसरी गोष्ट ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची. दिवाळी झाली की कोयते घेऊन बिऱ्हाडे निघतात, पोरे बैलगाडीत बसतात, आणि शाळेचा पट अर्ध्यावर येतो. अशा पोरांना गावीच ठेवून जेवू घालण्यासाठी हंगामी वसतिगृहाची सोय सरकारी योजनेत आहे, पण मागणी वेळेवर गेली तरच ती पदरात पडते. पहिल्या वर्षी मागणी उशिरा गेली आणि वसतिगृह उघडले तेव्हा निम्मी बिऱ्हाडे फडावर पोचली होती. ती चूक समितीची होती, आणि अध्यक्ष म्हणून त्यांची होती. दुसऱ्या वर्षी त्यांनी पोळ्याआधीच घरोघर फिरून यादी केली, आणि त्या पोरांची हजेरी त्या हिवाळ्यात तुटली नाही. ज्यांची पोरे मागे राहिली ते आईबाप इथे बसले आहेत. खरेखोटे त्यांना विचारावे.

आता वाईट. मुलींच्या स्वच्छतागृहाला एक सबंध उन्हाळा पाणी नव्हते. तीन बैठकांत विषय निघाला आणि तिन्ही वेळा पुढे ढकलला गेला. मोठ्या मुली दुपारच्या सुट्टीत घरी जात व पुन्हा येत नसत. हे काम अध्यक्षांनी रेटले पाहिजे होते, ते रेटले नाही. दुसरे असे की, समितीत निम्म्या बाया आहेत, पण त्यांतल्या काहींच्या खुर्चीवर त्यांचे यजमान येऊन बसत, आणि अध्यक्षांनी त्यांना एकदाही उठवले नाही. कायद्याने जागा बाईची आणि तोंड मात्र दादल्याचे! अशाने कायदा ताकासारखा पातळ होतो. आणि अध्यक्षांची जीभ तापट आहे, हे तर गावाला ठाऊकच आहे.

एवढे काम पाहिले, आता प्रचार पाहू. सारे उमेदवार आपापली बढाई सांगत आहेत. एकाच्या चिठ्ठीत लिहिले आहे, "शाळेची खोली मी आणली." खोली सरकारच्या पैशाने आली, म्हणजे तुमच्याच पैशाने आली. मेंबराला विचारायचे ते हे, की खोली बांधताना वाळूत माती किती होती हे पाहायला तू उभा होतास काय? दुसरा सांगतो, "मला निवडा, मी वाढीव मास्तर आणतो." मास्तर कोणाच्या खिशातून येत नाही. कायद्याने साठ मुलांपर्यंत दोन, नव्वदपर्यंत तीन, असे माप आहे. पट वाढला तर मास्तर येतो. आणि पट वाढायचा तर बोलणाऱ्याची स्वतःची पोरे तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत न बसता इथे बसली पाहिजेत. मुळात ज्याचे पोर या शाळेत नाही, त्याला पालक म्हणून या समितीत जागाच नाही. आयत्या बिळावर बसू पाहणाऱ्या नागोबांनी हे ध्यानात ठेवावे. तिसरा रात्री जेवणावळ घालतो. ज्याला समितीत एक पैसा मिळायचा नाही, तो मटणाचा खर्च कोठून वळता करणार, याचा विचार तुम्ही हात धुण्यापूर्वीच केलेला बरा.

हे सारे एवढ्या पोटतिडकीने का सांगतो? २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा कराव्यात असा विचार शासनाने पुढे आणला. आपल्या वरच्या वाडीची शाळा त्या मापाच्या काठावर उभी आहे. ती मिटली तर वाडीच्या सहा वर्षांच्या पोरीने ओढा ओलांडून इथवर यायचे. पावसाळ्यात तिला कोण पाठवील? शाळा मिटायला वरचा हुकूम शेवटी येतो. आधी पोरे गळतात, बैठका ओस पडतात, वहीवर घरबसल्या सह्या होतात. जिथली समिती जागी आहे तिथे गळणारे पोर पहिल्याच आठवड्यात कोणाच्या तरी नजरेस पडते. दोन वर्षांसाठी आपण जो माणूस निवडतो, त्याची नजर म्हणजे आपल्या शाळेची राखण आहे.

तेव्हा सोमवारी पालकसभेस याल तेव्हा पाच प्रश्न घेऊन या, आणि प्रत्येक उमेदवाराला तोंडावर विचारा. तुझे पोर कोणत्या शाळेत आहे? महिन्यातली एक दुपार तू देशील काय? तांदूळ मोजताना उभा राहशील काय? ऊसतोडीच्या पोरांची यादी केव्हा करशील? आणि मांगवाड्याची, महारवाड्याची, वडारांची पोरे ताटाला आणि बाकाला सगळ्यांच्या ओळीत बसतात की नाही, हे स्वतः येऊन पाहशील काय? शाहू महाराजांनी १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा मोडल्या. शंभरावर वर्षे लोटल्यावर ओळ कोणी वेगळी करीत असेल तर तो कोणत्याही जातीचा असो, त्याला समितीत थारा नको.

जुन्या अध्यक्षांना सहावा प्रश्न जास्तीचा विचारा: पाणी कधी आणणार, आणि बायांच्या खुर्च्यांवर बाया कधी बसवणार? त्यांचे उत्तर मनाला पटले तर हात वर करा. न पटले तर करू नका. दोन्ही गोष्टींत तुमचा अधिकार आहे. मात्र "तो सुतार आहे" म्हणून हात खाली ठेवाल, किंवा "तो आपला आहे" म्हणून हात वर कराल, तर ते मत माणसाला पडले नाही, जातीला पडले, आणि जातीला दिलेल्या मताने आजवर एकाही पोराला बाराखडी आलेली नाही.

मायबहिणींनो, शेवटची विनंती तुम्हाला. सोमवारी खुरपणीचा अर्धा रोज बुडेल हे मी जाणतो. अर्धा रोज ही गरिबाच्या घरी थोडी गोष्ट नव्हे. पण या समितीत निम्म्या जागा तुमच्या आहेत, आणि त्या तुमच्यावाचून भरल्या गेल्या तर पुढची दोन वर्षे पोरीच्या पाण्याचा ठराव पुन्हा पुढे ढकलला जाईल. धन्याला घरी पोरे सांभाळायला ठेवा आणि तुम्ही या. सभा सकाळी दहाला आहे. वही मी टेबलावर उघडी ठेवणार आहे. ज्याला वाचता येते त्याने वाचावी, ज्याला येत नाही त्याने आपल्या चौथीतल्या पोराकडून वाचून घ्यावी.